टर्मिनल गोठतंय? नेटला दोष देण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा

तुमचा प्रश्न वाचला. इंदूरच्या विजयनगरला नवी नोकरी, कामाला वेग यावा म्हणून टर्मिनलचे (कमांड टाइप करून सर्व्हरवर काम करायच्या खिडकीचे) शॉर्टकट पाठ करताय, आणि मधेच स्क्रीन गोठते. टाइप केलेलं दिसत नाही, खिडकी बंद करून पुन्हा लॉग-इन करावं लागतं. ऑफिसात सगळे म्हणतात, इंदूरचं नेट.

नेट नसावं. तुमची मशीन मी पाहिलेली नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत. पुढच्या वेळी गोठलं की काहीही न करता फक्त कंट्रोल-क्यू दाबा. टर्मिनल जागं झालं, तर तुमच्या हातून कंट्रोल-एस दाबलं गेलं होतं.

एक्सेल-वर्डमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा हात सेव्ह करायला आपोआप तिकडे जातो. शॉर्टकट शिकणाऱ्याला तर ते मुद्दाम दाबायला सांगतात. कंट्रोल-आरने जुनी कमांड शोधताना पुढे निघून गेलात तर कंट्रोल-एसने परत या, असं बऱ्याच याद्यांत लिहिलेलं असतं. बॅशमध्ये (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजेच शेल) ते खरंही आहे, पण ते बटण बॅशपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच टर्मिनल ते ‘थांब’ म्हणून गिळतं. ही टेलिटाइप यंत्रांच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्रांच्या, काळातली सोय आहे. आस्की तक्त्यात (प्रत्येक अक्षराला आणि खुणेला आकडा देणारी यादी) १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे चालू. एस हे एकोणिसावं अक्षर, क्यू सतरावं.

आता ज्यापायी मी एवढं लिहायला बसले ते. मागच्या एका नोकरीत (कंपनीचं नाव घेत नाही) सपोर्ट डेस्कचं प्रत्येक गोठण्यावर एकच उत्तर असायचं: ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, विंडो बंद करून परत लॉग-इन करा.’ मार्चअखेरीला खातेवहीच्या नोंदी सर्व्हरवर चढवत असताना स्क्रीन गोठली. मी फोन केला, त्यांनी तेच सांगितलं, मी तेच केलं. खिडकी बंद झाली की शेलला ‘लाइन तुटली’ असा सिग्नल जातो आणि त्याच्याबरोबर चालू कामही मरतं. अर्ध्या नोंदी चढल्या, अर्ध्या नाहीत, आणि कुठल्या चढल्या ते कुणालाच ठाऊक नाही. आम्ही उशिरापर्यंत ओळ न् ओळ ताडून पाहत बसलो. तिकीट मात्र ‘नेटवर्क समस्या’ असा शेरा मारून बंद. पुढे शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या बाबतीत तेच झालं, तिलाही तेच उत्तर. चालू काम मारायला सांगण्याआधी ‘कोणतं बटण दाबलंत?’ एवढं विचारायला काय जात होतं? याचा राग मला आजही आहे.

कारण गोठलेला प्रोग्रॅम मेलेला नसतो. त्याला स्क्रीनवर काही छापायचं असतं आणि वाट मोकळी होईपर्यंत तो ताटकळत असतो. म्हणून घाबरून कंट्रोल-सी दाबू नका, त्याने काम खरंच संपतं. एंटरही बडवू नका: त्या वेळात टाइप केलेलं सगळं साचून राहतं आणि कंट्रोल-क्यू दाबताच धडाधड चालतं.

कायमचा इलाज एका ओळीचा आहे. बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅश-आरसी फाइलच्या अगदी शेवटी (अक्षरं अर्थातच रोमनमध्ये) एस-टी-टी-वाय, मोकळी जागा, वजा चिन्ह, त्याला चिकटून आय-एक्स-ओ-एन. उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) त्या फाइलच्या सुरुवातीलाच, समोर माणूस बसलेला नसेल तर तिथूनच परत फिरायची अट असते, त्यामुळे शेवटी टाकलेली ओळ स्क्रिप्टच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडच्या, आड येत नाही. दुसरीकडे तशी अट आहे की नाही ते पाहून घ्या. सर्व्हर कंपनीचा असेल तर फक्त स्वतःच्या खात्यात बदल करा.

आणि लांब चालणारं कुठलंही काम सर्व्हरवर ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ या प्रोग्रॅमच्या आत सुरू करा; खिडकी तुटली तरी ते काम धरून ठेवतात. खिडकी गेली, आपल्याकडची लाइट गेली, तरी सर्व्हरवर काम चालू राहतं. परत जोडून घ्यायचं. माझ्या मते वेग वाढवणारा पहिला शॉर्टकट हाच, कारण दुसऱ्यांदा करावं लागणारं काम सगळ्यात हळू होतं.

बाकी पन्नास शॉर्टकटांच्या याद्या सोडून द्या. कंट्रोल-आर, ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-ए, शेवटी कंट्रोल-ई, मागचा शब्द पुसायला कंट्रोल-डब्ल्यू, आणि आधीच्या कमांडचा शेवटचा शब्द आणायला आल्ट-टिंब. मॅकवर आल्ट चालत नसेल तर एस्केप दाबून सोडा, मग टिंब. ब्राउझरमधल्या टर्मिनलवर मात्र कंट्रोल-डब्ल्यू टाळा, अख्खा टॅब बंद होतो; तिथे एस्केप आणि मग बॅकस्पेस वापरा. कंट्रोल-आरचा खरा फायदा हवा असेल तर हिस्टरीची (जुन्या कमांडच्या यादीची) मर्यादा वाढवा, बॅश मुळात ५०० च कमांड लक्षात ठेवतो. पण हिस्टरीत पासवर्डही जाऊन बसतात, म्हणून कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहू नका, हे कळकळीने सांगते.

कंट्रोल-क्यूने काहीच झालं नाही, तर मग नेटकडे वळा. दुसऱ्या खिडकीतून त्याच सर्व्हरवर लॉग-इन होतंय का ते पाहा, आणि होत असेल तर आपलं काम अजून चालू आहे का ते तपासल्याशिवाय पहिली खिडकी बंद करू नका, सपोर्टवाल्यांनी सांगितलं तरी.