चंद्र माथ्यावर असताना गळ टाकावा का?

प्रश्न : गंगापूर धरणावर गळाने मासे धरताना चंद्र-सूर्याच्या वेळांचे कोष्टक कितपत उपयोगी पडते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अमेरिकी मासेमार-लेखक जॉन अल्डेन नाइट यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मासे गळाला लागण्यासाठी चंद्र माथ्यावर किंवा थेट पायाखाली (म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला) असण्याच्या वेळा मुख्य, तर चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा दुय्यम मानल्या जातात. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवत असल्याने कालच्या वेळा आज चालत नाहीत. धरणात समुद्रासारखी भरती-ओहोटी नसते, त्यामुळे माझ्या मते केवळ चंद्रावर विसंबू नये. पहाट आणि तिन्हीसांज यांनाच अधिक महत्त्व द्यावे. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्राची मुख्य वेळ सूर्योदय-सूर्यास्ताच्या जवळ येते, तेव्हा सुटी अवश्य काढावी. पावसाळ्यात पाणी एकाएकी वाढत असल्यास काठावर जाऊच नये.