विधान परिषद: तेच प्रश्न, त्याच रिकाम्या खुर्च्या

विधान परिषदेवर लिहायचे नाही असे ठरवले होते. पण पदवीधर मतदार नोंदणीचे दिवस जवळ आले की पत्रांचा ढीग लागतो आणि निम्म्या पत्रांत फॉरवर्ड केलेला तोच मजकूर असतो: राज्याचे हे दुसरे सभागृह लोकांनी निवडलेले नाही, ते लोकशाहीला धोका आहे. तेव्हा एकदाच उत्तरे देतो. कात्रण काढून ठेवा.

प्र. लोकांनी न निवडलेले सभागृह लोकशाहीत हवेच कशाला?

आधी ‘न निवडलेले’ हा शब्द तपासू. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. राज्यपाल नेमतात ते फक्त १२. म्हणजे सभागृह बव्हंशी निवडलेलेच आहे, फक्त तुम्ही-आम्ही थेट निवडलेले नाही. खरोखर न निवडलेले सभागृह पाहायचे असेल तर कॅनडाची सिनेट पाहा. तिथे १०५ सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत बसतात.

आता हवे कशाला ते. संविधान सभेत गोपालस्वामी अय्यंगारांनी दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडली, ती थोडक्यात अशी होती की क्षणाच्या भरात होणारा कायदा थोडा थांबावा आणि दुसऱ्यांदा डोळ्यांखालून जावा. परिषदेच्या हातात तेवढेच आहे. साधे विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने धरून ठेवू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले की आणखी एक महिना, आणि मग परिषदेला आवडो न आवडो, कायदा होतो. धन विधेयकाला तर जेमतेम चौदा दिवस. ज्या सभागृहाची सगळी ताकद चार महिन्यांत संपते ते लोकशाहीला धोका आहे असे लिहिणाऱ्यांनी अनुच्छेद १९७ एकदा वाचावा.

थांबवण्यापलीकडे ते काही करत नाही असेही नाही. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वि. स. पागे १९६० ते १९७८ याच सभागृहाचे सभापती होते.

प्र. माझे नाव विधानसभेच्या मतदार यादीत आहे आणि मी पदवीधर आहे. पदवीधर मतदारसंघात आपोआप मत देता येईल ना?

नाही. वेगळा अर्ज करावा लागतो.

प्र. मागच्या निवडणुकीच्या वेळी मी नोंदणी केली होती, मतही दिले होते. आता पुन्हा कशाला?

कारण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला कोरी पाटी घेऊन नव्याने तयार होते. जुने नाव पुढे येत नाही. ‘एकदा नोंदवले की कायमचे’ हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितले, त्याला माझ्याकडे पाठवा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन हुज्जत घालणाऱ्यांत निम्मे लोक हेच वाक्य ऐकून आलेले असतात.

पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, १ नोव्हेंबर. त्या तारखेच्या आधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली हवी आणि तुमचे नेहमीचे वास्तव्य त्या मतदारसंघात हवे. कागदपत्रांबाबत शंका असेल, म्हणजे परराज्यातली पदवी, लग्नानंतर बदललेले नाव, नुकतेच बदललेले गाव, तर पत्रातून माझा सल्ला घेऊन भागणार नाही. विभागीय आयुक्त हे या यादीचे नोंदणी अधिकारी असतात. तुमच्या तहसील कार्यालयात त्यांच्या वतीने अर्ज घेणारा अधिकारी असतो. त्याला कागद दाखवा, आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

प्र. आमच्या भागात एक जण पैसे घेऊन नमुना १८ भरून देतो. म्हणतो, गठ्ठ्याने दिले की लवकर मंजूर होतात. द्यावे का?

अर्ज फुकट आहे. गठ्ठ्याने आलेले अर्ज लवकर मंजूर होत नाहीत, उलट ते स्वीकारायचेच नाहीत असा नियम आहे. घरातल्या घरात एकाने दुसऱ्याचा अर्ज नेऊन दिला तर चालतो, संस्थाप्रमुखाने कर्मचाऱ्यांचे दिले तर चालतात. तिऱ्हाईताने पिशवी भरून आणलेले चालत नाहीत. शिवाय त्या पिशवीत तुमच्या पदवी प्रमाणपत्राची आणि ओळखपत्राची प्रत जाते, ती पुढे कुठे फिरते याचा विचार केलात का? पैसे दिले असतील तर विसरा, पण कागद परत मागा आणि स्वतः जाऊन अर्ज द्या.

प्र. पदवीधर मतदारसंघातून उभे राहायला पदवी लागते का?

नाही. मत द्यायला लागते, उभे राहायला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच हे सांगितले आहे. वय मात्र ३० पूर्ण हवे. बाकी अपात्रतेच्या बाबी असतील, विशेषतः सरकारी लाभाचे पद किंवा कंत्राट, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारा. छाननीच्या टेबलावर विचारून उपयोग नसतो.

प्र. आवडत्या उमेदवारासमोर बरोबरची खूण केली तर मत बाद होते हे खरे का?

खरे. आकडा लिहायचा: १, मग हवे असेल तर २, ३. मराठी आकडा चालतो, ‘एक’ असे अक्षरी चालत नाही. पेन केंद्रावर देतात तेच, जांभळ्या शाईचे, खिशातले नको. सही, नाव, ‘शुभेच्छा’ वगैरे काही लिहू नये. पदवीधरांच्या मतमोजणीला बसलेल्या कुणालाही विचारा, बाद मतांची चळत किती उंच होते ते. एरवी गल्लीतल्या अंगठेबहाद्दर आजीबाईंच्या मतदानाला हसणारे हेच लोक.

प्र. राज्यपालनियुक्त सदस्य मंत्री होऊ शकत नाही म्हणे?

होऊ शकतो. चक्रवर्ती राजगोपालाचारी १९५२ मध्ये मद्रासच्या विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त होते आणि मुख्यमंत्री झाले. ते योग्य झाले का यावर तेव्हाही वाद झाला, आजही घालता येईल. पण बंदी नाही.

प्र. आमच्या साहित्य मंडळाला राज्यपालनियुक्त १२ जागांविषयी निवेदन द्यायचे आहे. २०२० पासून त्या कितीतरी वर्षे रिकाम्या होत्या. नेमणुकीला मुदत नसते का? न्यायालयात जाता येईल का?

हा प्रश्न कुणीतरी विचारायची मी वाट पाहत होतो. जरा सविस्तर लिहितो.

संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्ये या जागा कुणासाठी ते लिहिले आहे: साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. सहकार हा शब्द राज्यसभेच्या यादीत नाही, परिषदेच्या यादीत आहे. ग. दि. माडगूळकर या सभागृहात बसले, ना. धों. महानोर बसले. निवडणुकीच्या मांडवात जे कधी उतरले नसते अशांना कायदा होताना समोर बसवावे, ही कल्पना. पुढे त्याच जागांवर पक्षाला सोय करायची असलेली माणसे येऊ लागली, हे मलाही दिसते. पण तुमचा प्रश्न कुणाला नेमले हा नाही. कुणालाच नेमले नाही, हा आहे.

घटनाक्रम पाहा. आधीच्या सदस्यांची मुदत जून २०२० मध्ये संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने १२ नावे राजभवनाकडे पाठवली. होकार नाही, नकार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की निर्णय वाजवी वेळेत घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि आठ महिने वाजवी वेळेपेक्षा जास्त आहेत. राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसतात, म्हणून आदेश मात्र देता आला नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले, नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांनी शपथ घेतली; त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. त्यातली चार वर्षे बाराच्या बारा खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि पाच त्यानंतरही रिकाम्याच राहिल्या.

तुम्ही विचारता, मुदत नसते का? नसते, आणि दुखणे नेमके तिथे आहे. निवडून द्यायची जागा रिकामी झाली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. अपवाद आहेत, पण घड्याळ सुरू होते. नेमायच्या जागेला घड्याळच नाही. विधेयक चार महिन्यांपेक्षा जास्त अडकू नये म्हणून परिषदेला दिवस मोजून देणाऱ्या संविधानाने, परिषद भरायला मात्र कुणाला एक दिवसही मोजून दिला नाही. लिहिणाऱ्यांना वाटले असेल, राजभवनात बसणारा माणूस एवढे तर करील.

आता याला दुसरी बाजू जोडा. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून २२ जण येतात. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ पासून संपत गेल्या, निवडणुका कित्येक वर्षे झाल्या नाहीत, प्रशासक बसले. नगरसेवक नव्हते म्हणजे मतदारच नव्हते. म्हणून परिषदेतल्या त्याही जागा एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. हे कुणी परिषद मोडायची म्हणून केले असे मी म्हणत नाही. पण सभागृह बंद करायला अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेत दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो, मग संसदेचा कायदा लागतो. सभागृह ओस पाडायला काहीच लागत नाही. फाइल टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायचे. राज्यपाल कोणत्या पक्षाच्या सरकारने पाठवलेले होते यावर माझ्याशी वाद घालू नका. उद्या दुसऱ्या पक्षाचे असतील आणि हीच पळवाट तशीच उघडी असेल.

न्यायालयात जाण्याबद्दल: २०२१ च्या निकालाची प्रत आधी पूर्ण वाचा, बातमी नव्हे. याचिका मंडळाच्या नावाने करायची की व्यक्तीच्या, मागणी काय करायची, राज्यपालांना न्यायालयापासून मिळणारे अनुच्छेद ३६१ चे संरक्षण आडवे येते का, हे संविधानाची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलानेच सांगायचे. निवेदनाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ते मुख्य सचिवांकडेही द्या आणि पोच घ्या.

प्र. एका गृहस्थाने काकांना सांगितले की ठरावीक रक्कम दिली तर राज्यपालनियुक्त यादीत नाव घालून देतो.

पोलीस ठाण्यात जा. आजच जा. मला दुसरे पत्र लिहू नका.

प्र. राज्यसभेत विधेयक अडले तर संयुक्त बैठक होते. विधान परिषदेत अडले तर?

राज्यात संयुक्त बैठकीची तरतूदच नाही. वर सांगितलेले चार महिने संपले की विधानसभेचा शब्द अखेरचा. केंद्रातही अशी बैठक आजवर तीनदाच झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोगाच्या कायद्यासाठी आणि २००२ मध्ये ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. घटनादुरुस्तीला तीही नाही, तिथे प्रत्येक सभागृहात दोन तृतीयांश मते लागतात. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे पडले. २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने! मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने तेच करायचा प्रयत्न केला, तो डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९७१ ची निवडणूक झाली आणि २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. मध्ये लोकांना विचारून झाले होते, एवढाच फरक.

प्र. एवढा खर्च करण्यापेक्षा परिषद बरखास्तच का करत नाहीत?

तमिळनाडूने केली, पंजाब आणि पश्चिम बंगालने त्याआधीच केली होती. आता सहा राज्यांतच उरली आहे. करायची असेल तर सरळ ठराव आणून करावी, माझी हरकत नाही. पण आंध्र प्रदेश पाहा: १९५८ मध्ये स्थापली, १९८५ मध्ये मोडली, २००७ मध्ये पुन्हा आणली. जानेवारी २०२० मध्ये तीन राजधान्यांची विधेयके परिषदेत अडली, तेव्हा विधानसभेने ती पुन्हा मोडायचा ठराव केला. नोव्हेंबर २०२१ पर्यंत परिषदेतले संख्याबळ सत्ताधाऱ्यांच्या बाजूने फिरले होते, ठराव मागे घेतला. खर्चाचा मुद्दा तेवढ्यात कुठे गेला, ते कुणी सांगितले नाही.

प्र. परिषदेच्या प्रमुखांना पत्र लिहायचे आहे. ‘माननीय अध्यक्ष’ लिहू का?

सभापती. अध्यक्ष विधानसभेचे. पत्र चुकीच्या दालनात गेले तर महिनाभर फिरत राहील.