मायक्रोस्कोप बदलू नका, थर पातळ करा

काचपट्टीच्या खाली-वर दोन पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर) एकमेकांना काटकोनात लावूनही मीठ काळंच दिसतं आणि साखरेत नुसता पांढरट उजेड, मग भारी मायक्रोस्कोप घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. अडचण काचपट्टीवर आहे.

मिठाचा नाद सोडा. त्याच्या स्फटिकातून प्रकाश सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने जातो, त्यामुळे वरचा पोलरायझर तो पुरता अडवतो. साखरेत मात्र प्रकाशाचे दोन भाग होतात, त्यातला एक मागे पडतो, आणि तो किती मागे पडला यावर रंग ठरतो. आधी करडा, पांढरा, पिवळा. मागे पडण्याचं अंतर सुमारे ५५० नॅनोमीटर झालं की जांभळट लाल. पुढे निळा, हिरवा. स्फटिक जाड असेल तर हे अंतर इतकं वाढतं की सगळे रंग एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरं दिसतं. तुमचे साखरेचे दाणे नेमके तिथे पोचलेत.

म्हणून व्हिटॅमिन सी घ्या. शुद्ध पूडच हवी; गोळीत इतर पदार्थ असतात, थर गढूळ होतो. चिमूटभर पूड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात जरा अल्कोहोल घाला, एक थेंब पट्टीवर पातळ पसरा आणि धूळ बसणार नाही असा वाळू द्या. कडेला एखादा ठिपका उमटतो आणि त्यातून पंखा उलगडत जातो. पूर्ण गोल जमला तर त्यावर काळी फुली दिसेल. आता पट्टी हळूहळू फिरवून बघा: गोल फिरतो, फुली जागची हलत नाही! जे तंतू पोलरायझरच्या दिशेला येतात तेवढेच त्या क्षणी विझतात, म्हणून. इतकी वर्षं झाली, हे बघताना अजून माझा हात थबकतो.

थर फारच पातळ होऊन सगळं करडं दिसलं तर खालचा पोलरायझर आणि पट्टी यांच्यामध्ये सेलोफेनचा तुकडा सपाटच, पण पोलरायझरच्या दिशेशी तिरका धरा. करड्याचे रंग होतात, काळी पार्श्वभूमीसुद्धा रंगते.

फोटोला ४एक्सचं, म्हणजे चौपट मोठं दाखवणारं भिंग पुरे. पोलरायझर बराच प्रकाश खातात, शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेव्हा टायमर लावून हात लांब ठेवा. आणि नंतर सॅच्युरेशन वाढवू नका, कळकळीने सांगतो. करड्यातून पिवळ्यात जाणारी ती नाजूक छटा त्यात पहिली मरते, आणि खरं चित्र तिथेच असतं. माझ्या दहा पट्ट्यांत एखादीच फोटोजोगी निघते, तेव्हा एकदम पाच-सहा करून ठेवा.