बिल नवऱ्याचं, सही कुणाची?

प्रश्न : यजमान दवाखान्यातच वारले. साडेतीन लाख बाकी राहिले, म्हणून आता माझ्या नावाने वकिलाची नोटीस आली आहे. मी शिवणकाम करते. हे पैसे माझ्याकडून वसूल होतील का? (सोलापूर)

उत्तर : ताई, आधी दाखल करताना घाईगडबडीत सह्या घेतलेल्या कागदांच्या प्रती मागवा. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही केली म्हणून कुणी देणेकरी होत नाही. ‘बिल मी भरेन’ अशी हमी लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी : १८७२च्या करार कायद्यात जामीनदार मूळ ऋणकोइतकाच बांधील असतो. पुष्कळदा हे दोन्ही मजकूर एकाच फॉर्मवर, बारीक अक्षरांत असतात.

तशी हमी नसेल, तर यजमानांच्या मालमत्तेतून तुमच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच वसुली होते (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५२). शिलाई मशीन तुमचं, कमाईही तुमची. त्यांना हात लागत नाही. यजमानांनी १८७४च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली तुमच्यासाठी विमा काढला असेल, तर तीही रक्कम सहसा सुरक्षित असते. नोटिशीला उत्तर मात्र द्या.

प्रश्न : उपचारांच्या थकबाकीपायी नवऱ्याविरुद्ध हुकूमनामा (पैसे देण्याचा न्यायालयाचा निकाल) झाला. त्याच्या वसुलीसाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाली आणि बेलिफ दारात आला. फ्लॅट माझ्या पगारातून, माझ्या नावावर आहे. तो जाईल का? दागिन्यांचं काय? मला अटक होईल? (नाशिक)

उत्तर : अटकेचं विसरा. पैशांच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५६), आणि हुकूमनामा तर तुमच्याविरुद्ध नाहीच. फ्लॅट जप्त झाला, तर त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली हरकत अर्ज द्या. सोबत खरेदीखत आणि हप्ते तुमच्या खात्यातून गेल्याचे उतारे जोडा. लिलाव होऊन गेल्यावर ही वाट बंद होते.

स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीने स्त्रीला उतरवता न येणारे अलंकार जप्त होत नाहीत. मंगळसूत्र त्यात बसतं. बाकीचे दागिने तुमचे असल्याचा पुरावा जवळ असू द्या. नवऱ्याच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. हजाराचा आकडा आज थट्टाच वाटतो, पण कायद्यात तोच आहे.

देणं थकल्यावर नवऱ्याने स्वतःची जमीन घाईने तुमच्या नावावर केली असेल, तर त्या जमिनीसाठी वरचं काहीच कामाला येणार नाही. असे व्यवहार न्यायालयात रद्द होतात.

प्रश्न : बायको अजून दाखल आहे. बिल भरेपर्यंत सोडणार नाही म्हणतात. मी कुठेही सही केलेली नाही. (पुणे)

उत्तर : सही नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात पत्नीचा निर्वाह पतीवर आहे आणि त्यात औषधोपचार धरलेले आहेत. म्हणून तिला अडवून ठेवता येतं असं मात्र नाही. वसुलीसाठी दवाखान्याने दावा लावावा. दवाखाना धर्मादाय न्यासाचा असेल तर आजच समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

प्रश्न : आम्हाला गोव्यातही हेच लागू का? (फोंडा)

उत्तर : सगळंच नाही. तिथे वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक होते. घरासाठी केलेल्या कर्जाची झळ त्या सामाईक मालमत्तेला लागू शकते. विवाहनोंदणीचे कागद घेऊन गोव्यातल्याच वकिलाकडे जा.