लडाख एकदा, गुहागर चारदा

प्रश्न : ताई, वय 46, उंची पाच फूट पाच इंच. राहतो खारघरला, नोकरी ठाण्यात, वागळे इस्टेटला. आठवड्यातून दोन-तीनदा लोकल सोडून बाईकने जातो. गाव गुहागरजवळ, आई तिथेच असते. वर्षाला चार फेऱ्या होतात, त्यातल्या निम्म्या बायकोसह. घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा. आता जुनी 150 सीसी काढून मोठी गाडी घ्यायची आहे. माझा कल रॉयल एनफिल्डच्या मिटिओर 350 कडे, म्हणजे ठेंगण्या टूरिंग गाडीकडे. मुलगा म्हणतो, "बाबा, हिमालयन 450 घ्या, पन्नाशीला लडाखला जायचंय ना?" तीही रॉयल एनफिल्डचीच, पण अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खडबडीत रस्त्यांसाठीची उंच बाईक. टूरिंग की अ‍ॅडव्हेंचर, यावर रोज जेवताना वाद होतो.

(पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात : "मला चढता येईल अशी सांगा. उजवा गुडघा दुखतो.")

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही लिहिलेलीच नाही. तिच्याकडे शेवटी येते.

आधी माझी गोष्ट. माझी उंची पाच फूट तीन. तरीही मी एकदा उंच अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतली होती, कारण ती दिसायची फार छान. नौपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली उभी केली की पोरं भोवती जमायची. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरले तेव्हा ओहोटी होती, धक्क्याच्या उतारावर शेवाळ, आणि पुढची गाडी अचानक थांबली. मीही थांबले, डावा पाय खाली टाकला, तर खाली जमीनच नाही. म्हणजे होती, दोन इंच खाली. भरलेल्या पिशव्यांसकट गाडी हळूहळू, अगदी सावकाश आडवी झाली. वेग शून्य. बोटीवरच्या तिघांनी येऊन उचलली. क्लचचा लिव्हर तुटला आणि गुहागरपर्यंत टेम्पोतून जावं लागलं. चूक गाडीची नव्हती, माझ्या पायांचं माप मी घेतलं नव्हतं.

आता तुमचं माप घेऊ. मिटिओरची सीट जमिनीपासून 765 मिलिमीटर, हिमालयन 450 ची 825. सहा सेंटिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पण बूट घालून भिंतीला टेकून उभे राहा, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर सरकवून धरा आणि जमिनीपर्यंत टेप लावा, म्हणजे कळेल. त्यात सीटची रुंदीही धरा. रुंद सीट मांड्या फाकवते आणि तेवढाच पाय आखूड करते. वजनात दोघी जवळपास सारख्याच, 191 आणि 196 किलो. पण उंच गाडीचं वजन वर असतं, त्यामुळे एकदा कलली की सावरायला वेळ मिळत नाही. ठेंगणी सीट वेगळी विकत मिळते, तीही बसून बघा.

मुलाचं म्हणणं खोटं नाही, हेही सांगते. हिमालयनचं पुढचं चाक 21 इंची, मिटिओरचं 19. मोठं चाक खड्ड्यात कमी घुसतं. शॉकअब्झॉर्बरला वर-खाली व्हायला जागाही जास्त, त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावर, जिथे 2011 पासून चौपदरीकरण चालूच आहे, कंबर वाचते. खड्डा आला की पायांवर उभं राहता येतं. मिटिओरसारख्या ठेंगण्या क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे उठता येत नाही, दणका थेट मणक्यात. मिटिओर घेतलीत तर मागचे शॉकअब्झॉर्बर दोघांच्या वजनाला कडक करून घ्या, टायरची हवा डबलसीटच्या आकड्याला भरा (चेनगार्डजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो) आणि नागोठण्यापासून माणगावपर्यंत घाई करू नका. पहाटे पाचला पनवेल सोडलंत तर घाई करावीही लागत नाही. अडीचशे किलोमीटर आहे, चहा-मिसळीसह दुपारच्या आत पोहोचता.

रोजच्या रस्त्याचा विचार मुलाने केलेलाच नाही. ठाणे-बेलापूर रोड, महापे, रबाळे, ऐरोली, मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचं तळं. पावसाळ्यात तिथे पाणी असतं आणि पाण्याखालचा खड्डा कुणालाच दिसत नाही. अशा जागी गुडघ्याएवढ्या पाण्यात दोन्ही तळवे टेकले तर धीर येतो. हिमालयनचं इंजिन पाण्याने थंड होणारं. ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला की गरम हवा पायांवर येते. मे महिन्यात कळव्याच्या सिग्नलला हे सोसेल का, ते तुम्हीच ठरवा.

पैशाचंही एक. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकला जीएसटी 18 टक्के, त्यावरच्यांना 40. तुमची एक गाडी 349 सीसीची, दुसरी 452 ची. कोटेशन घेताना दोन्ही कागद शेजारी ठेवा.

दीड किलोमीटर लाल मातीसाठी मुळीच घाबरू नका. तिथून दूधवाल्याची स्कूटर रोज जाते.

राहिलं लडाख. जा, नक्की जा. पण त्या एका सहलीसाठी पुढची दहा वर्षं सिग्नलला बोटांवर उभं राहायचं? मनालीत भाड्याने अ‍ॅडव्हेंचर बाईक घ्या. मनालीची भाड्याची गाडी लेहमध्ये गेल्यावर खारदुंग ला किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत, तिथे लेहचीच भाड्याची घ्यावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. नाल्याच्या पाण्यात गाडी आपटली तरी ती तुमच्या कर्जाच्या हप्त्याची नसते.

आता तळाची ओळ. वहिनी, डबलसीट बसताना डावा पाय पायदानावर ठेवून उजवा पलीकडे टाकावा लागतो. मागे डिकी आणि बाजूला पिशव्या असल्या की तो आणखी उंच न्यावा लागतो, आणि तुमचा दुखरा गुडघा तोच. तुम्ही चढत असता तेव्हा यजमान तुमचं वजन आणि गाडीचं वजन एका पायावर तोलून धरून असतात. त्यांचा तो पाय पूर्ण टेकलेला हवा. शोरूममध्ये यजमानांच्या आधी तुम्ही बसा. पाच वेळा चढा-उतरा, साइड स्टँडवर नाही, त्यांनी धरलेली असताना. सेल्समन कंटाळला तरी चालेल. मागे पाठीचा टेका बसवून मिळतो का, तेही तुम्हीच विचारा.

माझं मत मिटिओर. पण पाचव्यांदा चढताना वहिनींचा चेहरा वेगळं काही सांगत असेल, तर माझं पत्र बाजूला ठेवा.