वाचकांचे प्रश्न : कंपनीची नोटीस आली, नाव सोडायचं का?

प्रश्न : सांगलीत आमची हळद दळून पाकिटं भरायची गिरणी आहे. 2009 पासून एकाच नावानं विक्री करतो. आता ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, तर एका मोठ्या मसाला कंपनीच्या वकिलांची नोटीस आली : 'आमचं मिळतंजुळतं नाव 2013 पासून रजिस्टर आहे, सात दिवसांत माल बाजारातून उचला, सोबतच्या हमीपत्रावर सही करा.' ट्रेडमार्क रजिस्ट्रीचाही ई-मेल आलाय. काय करावं?

उत्तर : हमीपत्रावर सही करू नका. एकदा सही झाली की 2009 पासूनचा तुमचा हक्क तुम्हीच सोडून दिलात असं होईल. सात दिवसांची मुदत वकिलांनी घातली आहे, कायद्यानं नाही.

खरी घाई त्या ई-मेलची. त्यात तुमच्या अर्जाला घेतलेल्या विरोधाची नोटीस असेल, तर ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत टीएम-ओ फॉर्मवर उत्तर भरावं लागतं. ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला 2,700 रुपये. ही मुदत वाढवून मिळत नाही. चुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात. छोट्यांचे अर्ज इथंच गळतात, कारण ई-मेल अर्ज भरणाऱ्या एजंटाकडे जातो आणि मालकाला कळतच नाही.

तुमचा आधार म्हणजे ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 34. कंपनीचा वापर आणि तिचं रजिस्ट्रेशन, यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल, तर ती तुम्हाला थांबवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये हेच सांगितलं : आधी वापरणाऱ्याचा हक्क रजिस्ट्रेशनपेक्षा वरचढ. म्हणून कंपनीनं आपला वापर कधीपासूनचा दाखवलाय, ते रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर आधी पाहा.

आता पुरावा. बहुतेकांची गोची इथं होते. बिलबुकावर गिरणीचं किंवा मालकाचं नाव असतं, हळदीच्या ब्रँडचं नसतं. अशी बिलं नावाचा वापर सिद्ध करत नाहीत. पाकिटं छापणाऱ्याचं बिल शोधा. त्यात सिलिंडरचा (छपाईच्या साच्याचा) खर्च डिझाइनच्या नावासकट लिहिलेला असतो, वर तारीखही असते. जुनं पाकीट, वर्तमानपत्रातली जाहिरात, दुकानदारांच्या ऑर्डरी जोडा. प्रत्येक वर्षाचा निदान एक कागद हवा, मधली वर्षं कोरी ठेवू नका.

तुमचा टीएम-ए, म्हणजे ट्रेडमार्कचा मूळ अर्जही उघडून बघा. काही एजंट वापराची तारीख न लिहिता 'पुढे वापरणार' एवढीच खूण करतात. तसं असेल तर 2009चा दावा तुमच्याच अर्जाशी भांडेल आणि दुरुस्ती जिकिरीची होईल. हे आजच वकिलाला दाखवा.

एकतर्फी मनाई हुकूम टाळण्यासाठी सांगलीच्या आणि कंपनीचं मुख्य कार्यालय असेल तिथल्या न्यायालयात कॅव्हेट लावा, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. तो 90 दिवस चालतो, नंतर पुन्हा लावावा लागतो. नोटिशीला छोटं उत्तर द्या : आमचा वापर 2009 पासूनचा, मागणी अमान्य. कागदपत्रं मात्र आत्ताच पाठवू नका.

प्रश्न : साताऱ्यात आमचं पेढ्यांचं दुकान आहे. दुसऱ्या कुणी 'सातारी कंदी पेढे' रजिस्टर केलं, तर आम्हाला ते शब्द बंद करावे लागतील का?

उत्तर : नाही. गावाचं नाव आणि मालाचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांवर एकट्याची मालकी सहसा होत नाही, कलम 9 त्यासाठीच आहे. रजिस्टर होतं ते त्यांचं खास नाव किंवा लोगो. त्यांच्या खोक्याचा रंग, मांडणी, अक्षरांचं वळण मात्र उचलू नका. तिथं दावा उभा राहतो.