रिफंडचा ईमेल खरा की बनावट?

प्रश्न : माझे पती निवृत्त शिक्षक आहेत. विवरणपत्र भरल्यानंतर काही दिवसांनी त्यांना प्राप्तिकर विभागाच्या नावाने ईमेल आला. रिफंड मंजूर झाला आहे, परंतु बँक खात्याचा तपशील जुळत नसल्याने २४ तासांत लिंकवर माहिती भरावी, असे त्यात होते. लिंकमध्ये ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ ही अक्षरे स्पष्ट दिसत असल्याने त्यांनी डेबिट कार्डाचा क्रमांक आणि मागील तीन आकडे भरले. ओटीपी मागितल्यावर मात्र ते थांबले. आम्हाला रिफंड खरोखरच येणे आहे. हा ईमेल खरा असू शकतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा ईमेल बनावट आहे. तुमचे पत्र मिळताच दूरध्वनीवर कळवले होते, तेच इतर वाचकांसाठी येथे सांगतो: कार्डाचा तपशील गेला असेल तर सर्वप्रथम बँकेच्या ॲपमधून किंवा ग्राहक सेवा क्रमांकावरून ते कार्ड बंद करावे. ओटीपी दिला नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण परदेशी संकेतस्थळांवरील काही व्यवहार ओटीपीशिवायही होतात. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी तक्रार नोंदवावी. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकात म्हटले आहे. त्यामुळे संकोचापोटी घालवलेला प्रत्येक तास महागात पडू शकतो.

आता ईमेलविषयी. रिफंड खरोखरच येणे असल्यामुळे तो तुम्हाला पटला, परंतु पाठवणाऱ्याला तुमच्या विवरणपत्राची माहिती होती असे यावरून मुळीच समजू नये. असे ईमेल एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर धाडले जातात आणि रिफंडची वाट पाहणारी माणसे त्यांत सापडतातच. बोधचिन्ह कोणालाही उतरवून घेता येते आणि अशुद्ध भाषेवरून बनावट ईमेल ओळखण्याचे दिवसही आता सरले आहेत.

खरी मेख लिंकमध्ये आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जिथे पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग संकेतस्थळ कोणाचे ते सांगतो. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत ‘गव्ह डॉट इन’च्या पुढे रेघ नसून टिंब आहे आणि त्यानंतर एक अनोळखी नाव व ‘डॉट कॉम’ आहे, म्हणजे ते संकेतस्थळ त्या अनोळखी नावाच्या मालकाचे आहे. पाकिटावर वरच्या ओळीत काहीही लिहिले तरी पत्र शेवटच्या ओळीतील गावालाच जाते, तसेच हे आहे. मोबाइलवर लिंक न उघडता तिच्यावर बोट दाबून धरल्यास पूर्ण पत्ता दिसतो. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढेच ते सांगते, ती कोणाच्या हाती पोहोचते ते सांगत नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो, म्हणून माझा आग्रह असा की अशा ईमेलचा खरेखोटेपणा ईमेलमध्ये शोधत बसूच नये. विभागाच्या पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करावे. रिफंडची स्थिती तिथेच दिसते. रिफंड पोर्टलवर पडताळणी झालेल्या बँक खात्यातच जमा होतो आणि त्यासाठी कार्डाचा क्रमांक लागत नाही. पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील आपण ईमेलने मागत नाही, असे विभागानेही जाहीर केलेले आहे.

तो ईमेल पुसून टाकू नका. सायबर गुन्ह्याच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करताना तो पुरावा म्हणून जोडता येईल.